परतीच्या वाटेवरील उपचार : रायगड किनारपट्टीवरील वृद्ध रुग्णांचे रुग्णालयोत्तर पुनर्वसन आणि मांडवा प्रयोगाचा वारसा

सारांश

रायगड किनारपट्टीवरील आधुनिक आरोग्यसेवेचा इतिहास हा प्रामुख्याने रुग्णाला रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याचा इतिहास आहे. रुग्णालयातून घरी परतलेल्या वृद्ध रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न नोंदींत आणि नियोजनात दीर्घकाळ गौण राहिला. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षाची ऐतिहासिक कारणे तपासली आहेत. मुंबईत १९५० च्या दशकात विकसित झालेले पुनर्वसनशास्त्र, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात डॉ. नोशीर अंतिया यांनी केलेला ग्रामआरोग्याचा प्रयोग आणि २०१० नंतरचे शासकीय कार्यक्रम यांचा परस्परसंबंध तपासून, वृद्धांच्या रुग्णालयोत्तर सेवेची परिणामकारक रचना कोणत्या तत्त्वांवर उभारता येईल याचा विचार केला आहे. घरच्या माणसांची माया ही या सेवेची पूर्वअट आहे, पर्याय नव्हे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रायगड किनारपट्टी, वृद्ध रुग्ण, पुनर्वसन, मांडवा प्रयोग, ग्रामआरोग्यसेविका, गृहभेट.

प्रस्तावना

वैद्यकीय इतिहासलेखनात रुग्णालयाची इमारत, नामवंत शल्यविशारद, साथीचे रोग आणि लसीकरणाच्या मोहिमा यांना मोठे स्थान मिळाले आहे. रुग्ण बरा झाला किंवा दगावला, या दोन शक्यतांपाशी बहुतेक नोंदी संपतात. प्रत्यक्षात वृद्धांच्या बाबतीत तिसरी शक्यता अधिक वेळा घडते. आजार आटोक्यात येतो, रुग्ण घरी येतो, परंतु पूर्वीसारखा उठू-बसू शकत नाही. खुब्याचे हाड जुळते, पण पाऊल टाकण्याची भीती जात नाही. पक्षाघाताचा झटका ओसरतो, पण उजवा हात घास उचलण्याच्या कामी येत नाही. न्यूमोनिया बरा होतो, पण दोन आठवडे खाटेवर पडून राहिल्याने पायांतील बळ गेलेले असते. सत्तरीपुढील रुग्णांबाबत झालेल्या अभ्यासांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्ण दाखल होण्यामागील आजारापूर्वी ज्या दैनंदिन क्रिया स्वतः करीत होते, त्यांपैकी एखादी तरी क्रिया घरी जाताना करू शकत नाहीत. आजार गेला तरी परावलंबन राहते, ते असे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. ज्या किनारी गावांतील तरुण पिढी नोकरीसाठी मुंबई, नवी मुंबई अथवा आखाती देशांत गेली आहे, तेथे घरात मागे राहणाऱ्यांमध्ये वृद्धांचा वाटा स्वाभाविकपणे अधिक जाणवतो. त्यामुळे रुग्णालयोत्तर पुनर्वसनाचा प्रश्न हा केवळ वैद्यकशास्त्राचा न राहता प्रदेशाच्या सामाजिक इतिहासाचाही प्रश्न ठरतो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. (१) रायगड किनारपट्टीवरील आरोग्यसेवेत रुग्णालयोत्तर काळ दुर्लक्षित का राहिला, याची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे. (२) मांडवा प्रयोगाचे वृद्ध-पुनर्वसनाच्या दृष्टीने पुनर्वाचन करणे. (३) या इतिहासाच्या आधारे सेवेच्या रचनेची तत्त्वे मांडणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. खाडी, धक्का आणि रुग्णालय

१९८१ पर्यंत ‘कुलाबा’ या नावाने ओळखला जाणारा रायगड जिल्हा भौगोलिकदृष्ट्या मुंबईच्या अगदी समोर आहे. मात्र समोर असणे आणि जवळ असणे या निराळ्या गोष्टी आहेत. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत. एका गावातून दुसऱ्या गावी जाण्यासाठी एकतर तरीची वाट पाहावी लागे किंवा खाडीला वळसा घालून जावे लागे. मुंबईला जाण्याचा सोपा मार्ग समुद्राचा होता आणि तो पावसाळ्यात भरवशाचा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. या किनाऱ्यावरच्या अनेक घरांत ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

अशा प्रदेशात रुग्णाला रुग्णालयापर्यंत नेणे हेच मोठे कार्य ठरले. मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ पासून आणि परळचे के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून कार्यरत होते. गिरणीत, गोदीत किंवा घरकामात असलेला कुटुंबातील कोणीतरी मुंबईत असेच. त्याच्या खोलीचा आधार घेऊन गावाकडचा आजारी माणूस मोठ्या रुग्णालयात दाखल होई. मुंबईची खोली ही किनाऱ्यावरील आरोग्यव्यवस्थेची एक न नोंदलेली संस्थाच होती. परंतु ती खोली दहा बाय बाराची असे. घरी सोडलेल्या वृद्धाला तेथे महिनाभर ठेवून चालायला शिकविणे शक्य नसे. साहजिकच टाके निघाले की त्याला बोटीत बसवून गावी पाठविले जाई.

शासकीय नोंदींची दृष्टीही याच दिशेची होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा हा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या गॅझेटिअरांतील आरोग्यविषयक प्रकरणांत दवाखाने किती, रुग्ण किती, लसीकरण किती, याची गणना आढळते. दवाखान्याच्या दारातून आत येणारा माणूस मोजला गेला. बाहेर पडलेल्या माणसाचा माग ठेवण्याची रीत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले, १९५२ नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांचा विस्तार झाला, रस्ते आणि पूल आले. तरीही आरोग्याचे यश दाखल झालेले रुग्ण, झालेल्या शस्त्रक्रिया आणि दिलेल्या लसी यांतच मोजण्याची सवय कायम राहिली. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. जाण्याची वाट उत्तरोत्तर छोटी होत गेली. परतीनंतरचे महिने मात्र पूर्वीइतकेच लांब राहिले.

२. समुद्रापलीकडचे पुनर्वसनशास्त्र

ज्या काळात किनाऱ्यावरचा वृद्ध टाके काढून गावी परतत होता, त्याच काळात समुद्रापलीकडे मुंबईत पुनर्वसनाचे शास्त्र आकार घेत होते, ही बाब लक्षणीय आहे. १९५० मध्ये कमलाबाई निंबकर यांनी के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या या विदुषीने १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही स्थापन केली. याच रुग्णालयात त्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे केंद्र शासनाची भौतिकोपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

व्यवसायोपचाराचा मूळ विचार असा की अवयव किती अंशांत वळतो यापेक्षा त्या अवयवाने माणूस काय करू शकतो, हे महत्त्वाचे आहे. कोळीणीच्या हाताला मासळीची पाटी उचलता येते का, वाडीतल्या माणसाला रहाटापर्यंत जाता येते का, आजीला स्वतःच्या हाताने वेणी घालता येते का, हे खरे मोजमाप. परंतु हे मोजमाप रुग्णाच्या घरीच करता येते. मुंबईच्या संस्थेत सपाट फरशीवर, लोखंडी कठड्यांच्या मधोमध चालायला शिकलेला वृद्ध गावी आला की त्याच्यापुढे जोत्याच्या तीन पायऱ्या, उंच उंबरा, शेणाने सारवलेली ओली ओटी, परसातील न्हाणी आणि उकिडवे बसावे लागणारे शौचकूप येई. मुंबईतून गावात परतणारा माणूस ज्ञान सोबत आणत होता, पण ते ज्ञान त्या घराच्या मापाचे करून देणारे कोणी नव्हते.

३. वृद्धवैद्यकाचा धडा

वृद्ध रुग्ण खाटेला खिळतो तो केवळ वयामुळे नव्हे, तर उपचाराच्या अभावामुळे, हे सिद्ध करण्याचे श्रेय इंग्लंडमधील डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे जाते. १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी शेजारच्या अनाथालयवजा रुग्णगृहातील ७१४ दीर्घकालीन रुग्णांची जबाबदारी घेतली. प्रत्येकाची तपासणी करून वर्गवारी केली, पलंगांची उंची, कक्षातील प्रकाश, काठ्या-कठडे यांत बदल केले आणि रुग्णांना उठविले. ‘असाध्य’ म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेले कित्येक रुग्ण चालत घरी गेले. १९४३ मध्ये त्यांनी हा अनुभव वैद्यकीय नियतकालिकातून मांडला आणि वृद्धवैद्यक ही स्वतंत्र शाखा रुजू लागली.

पुढे या विचाराला काटेकोर पुरावाही मिळाला. १९८४ मध्ये लॉरेन्स रुबेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सेपुल्वेदा येथील अभ्यास प्रसिद्ध केला. वृद्धांसाठीच्या विशेष मूल्यांकन कक्षात ठेवलेल्या रुग्णांपैकी वर्षभरात २३.८ टक्के मृत्यू पावले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ४८.३ टक्के होते. येथे एखादे नवे औषध वापरले गेले नव्हते. वैद्य, परिचारिका, उपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी एकत्र बसून एका माणसाचा विचार केला, एवढाच फरक होता. भारतात या शाखेची पायाभरणी डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी मद्रासच्या शासकीय रुग्णालयात केली. तेथे १९७८ मध्ये वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग आणि १९८८ मध्ये आंतररुग्ण कक्ष सुरू झाला.

मात्र हे सर्व अनुभव संस्थेच्या चार भिंतींतील आहेत. विखुरलेल्या वाड्यापाड्यांच्या किनाऱ्यावर हाच विचार कसा न्यावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना रायगडच्याच भूमीवर घडलेल्या एका प्रयोगाकडे वळावे लागते.

४. मांडवा प्रयोग

डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक शल्यविशारद होते. कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे आणि वाकलेली बोटे यांवरील पुनर्रचना-शस्त्रक्रिया हे त्यांच्या कार्याचे महत्त्वाचे अंग होते. कुष्ठरोगातील हाताची शस्त्रक्रिया हे पुनर्वसनाच्या तत्त्वाचे उत्तम उदाहरण होय. स्नायूबंधाचे स्थलांतर करून बोट सरळ केले तरी शस्त्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा व्यायाम झाला नाही तर त्या बोटाचा उपयोग होत नाही, आणि बधिर हाता-पायांची रोजची काळजी घरी घेतली गेली नाही तर नव्या जखमा होऊन सारे श्रम वाया जातात. शल्यविशारदाचे यश त्याच्या पाठीमागे घरात काय घडते यावर अवलंबून असते, हा धडा कुष्ठरोगाच्या क्षेत्रात फार पूर्वी मिळालेला होता.

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात अंतिया यांनी मुंबई बंदराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात ग्रामआरोग्याचा प्रयोग आरंभिला. सुमारे तीस हजार लोकवस्तीच्या या परिसरात गावातल्याच अल्पशिक्षित विवाहित स्त्रियांना अर्धवेळ आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रशिक्षणाची भाषा त्यांच्या बोलीला जवळची होती. सामान्य आजारांवरील उपचार, माताबालसंगोपन, लसीकरणास साहाय्य, क्षय व कुष्ठरोगाचे रुग्ण ओळखणे आणि त्यांना दीर्घकाळ नियमित औषध मिळते की नाही हे पाहणे, अशी कामे त्यांनी समर्थपणे केली. १९७५ मध्ये अंतिया यांनी स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेच्या विचारांत मांडव्याच्या अनुभवाला मध्यवर्ती स्थान राहिले. १९८१ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ या पर्यायी धोरणाचा अहवाल सादर केला. त्या गटात अंतिया यांचाही सहभाग होता.

मांडवा प्रयोग वृद्धांच्या पुनर्वसनासाठी नव्हता, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्या काळातील आरोग्याचे अग्रक्रम बालमृत्यू, बाळंतपण आणि संसर्गजन्य रोग हे होते आणि ते योग्यही होते. तरीही या प्रयोगाचे दोन निष्कर्ष प्रस्तुत विषयाला थेट लागू होतात. पहिला निष्कर्ष असा की महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचाराला सातत्य देण्याची क्षमता दूरच्या तज्ज्ञापेक्षा शेजारच्या प्रशिक्षित स्त्रीमध्ये अधिक असते. क्षयाच्या औषधाचा पाठपुरावा आणि मोडलेल्या खुब्याच्या व्यायामाचा पाठपुरावा, यांत लागणारे कौशल्य वेगळे असले तरी लागणारे नाते एकच आहे. रोजच्या येण्याजाण्यात ‘आत्या, आज ओटीवरून अंगणात उतरलात का?’ असे विचारणारी स्त्री त्या घराची पायरी ओळखते.

दुसरा निष्कर्ष अधिक कठोर आहे. सुमारे दशकभरानंतर हा प्रयोग थांबला. १९८८ मध्ये प्रकाशित झालेल्या लेखात अंतिया यांनी त्याचे परखड विश्लेषण केले. सेविकांची क्षमता कमी पडली नव्हती. स्थानिक सत्तारचनेला आणि प्रस्थापित यंत्रणेला ही नवी व्यवस्था मानवली नाही. सामान्य स्त्रीच्या हाती ज्ञान आले की गावातील काही हितसंबंध दुखावतात, आणि लोकसहभाग हा शब्द उच्चारणे जितके सोपे तितका तो घडविणे सोपे नसते. म्हणजेच गावपातळीवरील सेवा केवळ सद्भावनेवर उभी राहू शकत नाही. तिला अधिकृत स्थान, नियमित मानधन आणि वरच्या रुग्णालयाशी बांधलेले नाते लागते.

५. योजना, कार्यक्रम आणि दहा दिवसांची मर्यादा

मांडव्यानंतरच्या काळात शासनाची धोरणे क्रमाक्रमाने विस्तारली. १९९९ मध्ये वृद्धांसाठीचे राष्ट्रीय धोरण आले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ स्वयंसेविकांची योजना उभी राहिली. गावातील स्त्रीला आरोग्याचे काम देण्याचा जो विचार मांडव्यासारख्या प्रयोगांनी मांडला होता, त्याला देशव्यापी रूप मिळाले. २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा वृद्धांची तपासणी व पुनर्वसन कार्यकर्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रात साप्ताहिक तपासणी आणि उपकेंद्रामार्फत गृहभेटी, अशी त्याची सुबक उतरंड कल्पिलेली आहे.

दुसरीकडे, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालू राहिलेल्या या योजनेने गरीब कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रिया परवडू लागल्या, ही तिची मोठी कामगिरी होय. तथापि योजनेच्या पॅकेजची रचना पाहता घरी सोडल्यानंतरचा समाविष्ट पाठपुरावा सर्वसाधारणपणे दहा दिवसांचा आहे. काही निवडक आजारांसाठी पाठपुराव्याची स्वतंत्र पॅकेजे आहेत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणूस पुन्हा आत्मविश्वासाने चालू लागण्यास मात्र महिने जातात. शस्त्रक्रियेचा खर्च शासन उचलते आणि त्या शस्त्रक्रियेचे फळ ज्या काळात पदरात पडायचे, तो काळ कुटुंबावर सोपविला जातो.

अलिबाग येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२१-२२ या वर्षी दाखल झाली. त्यामुळे जिल्ह्याच्या मुख्यालयी तज्ज्ञांची उपलब्धता वाढण्याची शक्यता निर्माण झाली आहे. प्रश्न उरतो तो अलिबाग आणि श्रीवर्धन-म्हसळ्याच्या वाडीतील ओटी यांमधील अंतराचा.

६. घरावर सोपविलेला उपचार

या अंतरावर पूल म्हणून आजवर कुटुंबाकडेच बोट दाखविण्यात आले. भारतीय कुटुंबव्यवस्था वृद्धांची काळजी घेण्यास समर्थ आहे, तेव्हा नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवावे, हा विचार वरकरणी स्वाभाविक वाटतो. या विचाराची भारतातच मोठी शास्त्रीय कसोटी घेण्यात आली. पक्षाघातानंतर कुटुंबीयांकरवी पुनर्वसन घडविण्याचा ‘अटेंड’ हा अभ्यास देशातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४७ टक्के, म्हणजे सारखेच आढळले. घरच्यांना शिकवून पाठविल्याने परिणामात फरक पडला नाही. बिनमोबदला कुटुंबीयांवर हे काम सोपविण्याऐवजी आरोग्यसहायक किंवा समाजात जाऊन काम करणारे पथक यांच्याद्वारे ते करता येईल का, हे पाहावे, अशी दिशा अभ्यासकांनी सुचविली.

किनारपट्टीच्या संदर्भात या निष्कर्षाचा अर्थ लावताना ‘कुटुंब’ या शब्दाआड कोण आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. बहुतेक घरांत ही व्यक्ती म्हणजे सून किंवा स्वतः साठीच्या घरातील पत्नी असते. तिला पहाटे पाणी भरायचे, मासळीच्या बाजारी किंवा वाडीच्या कामावर जायचे, मुलांची शाळा सांभाळायची आणि त्यातून सासऱ्यांना दिवसातून तीनदा उठवून चालवायचे असते. तिने ते केले नाही तर माया आटली असे म्हटले जाते. तिच्याकडे वेळ, बळ आणि वजनदार माणसाला कंबर न लचकता उठविण्याचे तंत्र यांपैकी काय आहे, हे विचारले जात नाही. शय्याव्रण झाल्यावर दोष तिच्या माथी येतो. वृद्धाचे पुनर्वसन हा अशा रीतीने स्त्रियांच्या बिनमोल श्रमाचाही प्रश्न आहे. मांडव्याच्या सेविकांनी दाखवून दिलेली गोष्ट अशी की तेच काम एखाद्या स्त्रीला प्रशिक्षण, ओळख आणि मोबदला देऊन सोपविले की ते सेवा ठरते.

७. परिणामकारक सेवेची रचना

महाराष्ट्रातच याबाबतचा एक अनुकरणीय दाखला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. रुग्णालयात जन्मलेले बाळ घरी आले की आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाते. प्रत्येक भेटीत काय पाहायचे ते ठरलेले आहे आणि कामाचा मोबदलाही ठरलेला आहे. रुग्णालयातून परतणाऱ्या वृद्धासाठी अशा धर्तीचे दिवसवार वेळापत्रक अद्याप रूढ झालेले नाही. आयुष्याच्या एका टोकाला जे शक्य झाले ते दुसऱ्या टोकाला अशक्य मानण्याचे कारण नाही.

या पार्श्वभूमीवर पुढील तत्त्वे मांडता येतात.

(१) पुनर्वसनाचा आरंभ रुग्णालयात दाखल झाल्यापासूनच व्हावा आणि घरी सोडण्यापूर्वी घराची माहिती घेतली जावी. पायऱ्या किती, शौचालय कोठे व कोणत्या प्रकारचे, दिवसा घरी कोण असते, हे प्रश्न रक्तदाबाइतक्याच गांभीर्याने नोंदले जावेत.

(२) रुग्ण घरी सोडल्याची वार्ता त्याच दिवशी त्याच्या गावच्या उपकेंद्रास कळावी. मुंबईतील रुग्णालय आणि मुरूड तालुक्यातील उपकेंद्र यांच्यात आज जो दुवा आहे तो नातेवाइकाच्या पिशवीतील कागदांचा. तो संस्थांमधील दुवा व्हावा.

(३) पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक दिवशी गृहभेटी व्हाव्यात आणि त्यासाठी वेगळे मानधन असावे. आशा स्वयंसेविकांवरील कामांचा भार पाहता हे काम त्यांच्या यादीत नुसते मिळविणे अन्यायाचे ठरेल. पुनर्वसनाचे प्रशिक्षण घेतलेली स्वतंत्र अर्धवेळ सेविका हा अधिक योग्य मार्ग होय.

(४) ग्रामीण रुग्णालय हे मधले ठाणे ठरावे. फिजिओथेरपिस्टने ठरलेल्या दिवशी तेथे रुग्ण पाहावेत, सेविकांना मार्गदर्शन करावे आणि अवघड रुग्णांच्या घरी जावे.

(५) वॉकर, कमोडची खुर्ची, काठ्या, हवेची गादी ही साधने प्रत्येक कुटुंबाने विकत घेण्याची गरज नसते. ती काही महिन्यांसाठीच लागतात. उपकेंद्रात किंवा ग्रामपंचायतीत अशा साधनांचे उसनवारी भांडार असावे.

(६) नियोजनात पावसाळ्याचा हिशेब असावा. गेटवे–मांडवा लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते, अंगण शेवाळते आणि घसरून पडण्याची भीती वाढते. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागांत वीज आणि रस्ते यांची जी दैना केली, तिने खाटेवरील रुग्णांची असहायता उघड केली. अशा प्रसंगी कोणाच्या घरी प्रथम जायचे, याची यादी गावात तयार असली पाहिजे.

(७) परतलेला माणूस मोजला जावा. घरी सोडल्यानंतर ९० दिवसांनी रुग्ण स्वतः उठतो का, शौचाला जातो का, घराबाहेर पडतो का, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे नोंदली गेली तरी १८८३ पासून चालत आलेली नोंदींची एकांगी दृष्टी बदलू लागेल.

निष्कर्ष

रायगड किनारपट्टीवर वृद्धांचे रुग्णालयोत्तर पुनर्वसन दुर्लक्षित राहिले, यामागे कोणा एकाची बेफिकिरी नाही. समुद्र आणि खाड्यांच्या प्रदेशात रुग्णालय गाठणे हेच शतकभर मुख्य ध्येय राहिले, नोंदींनी तेच मोजले आणि योजनांनी त्यालाच पैसा दिला. उरलेला भार घरातील स्त्रियांनी वाहिला. मुंबईत १९५० च्या दशकापासून असलेले पुनर्वसनाचे ज्ञान तासाभराच्या जलप्रवासाइतके जवळ होते, तरी त्या ज्ञानाला गावाच्या ओटीवर आणणारी व्यक्ती व्यवस्थेत नव्हती. मांडवा प्रयोगाने ती व्यक्ती कोण असू शकते हे दाखविले आणि तिच्यामागे संस्थेचे बळ नसेल तर काय होते, हेही दाखविले.

आता पूल झाले, बोटी मोठ्या झाल्या, शस्त्रक्रियेचा खर्चही आटोक्यात आला. अशा वेळी वृद्ध रुग्ण घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला की सेवा संपली, असे मानणे परवडणारे नाही. उंबऱ्याच्या आतील खाटेपासून अंगणातील तुळशीपर्यंतचे दहा-पंधरा पावलांचे अंतर तो पुन्हा स्वतःच्या पायांनी चालतो की नाही, यावरच केलेल्या उपचाराची सार्थकता ठरते. ते अंतर चालून जाण्यास त्याला हात देणारी प्रशिक्षित, मानधनप्राप्त आणि वरच्या रुग्णालयाशी जोडलेली सेविका नेमणे हे खर्चाच्या मानाने लहान, परंतु परिणामाच्या दृष्टीने मोठे पाऊल ठरेल.